अनधिकृत बाह्य साधन

कंपनीने माझ्या आत्याला 'साधन' म्हटलं ते लेखी. तोंडी म्हटलं असतं तर मी फोनवरच चार शब्द सुनावून मोकळी झाले असते आणि पुढचं काही घडलंच नसतं. पण कागद आला, त्यावर जावक क्रमांक होता, खाली सही होती. आणि लेखी गोष्टीला लेखीच उत्तर द्यायची मला शाळेपासूनची खोड आहे.

आधी कामाचं सांगते. लिफ्टमध्ये आतल्या बाजूला एक पिवळं बटण असतं, त्यावर घंटेचं चित्र. लिफ्ट मध्येच अडकली की ते तीन सेकंद दाबून धरायचं, मग फोन लागतो. तो फोन मी उचलते. मी म्हणजे आम्ही बावीस जण, दोन पाळ्यांमध्ये. समोरच्या पडद्यावर लिफ्टचा नंबर आणि इमारतीचा पत्ता येतो. आत किती जण आहेत, कोणाला त्रास होतोय का, हे मी विचारते, जवळच्या मेकॅनिकला कळवते आणि तो येऊन दार उघडेपर्यंत फोनची ओळ, म्हणजे लाइन, धरून ठेवते. दार उघडलं की माणूस निघून जातो. आभार मानायला सहसा कोणी थांबत नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

महामारीच्या आधी हे सगळं कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चालायचं. हॉलला खिडकी नव्हती. एका पाळीत अकरा जण एकदम बोलायचे, त्यामुळे अडकलेल्या माणसाला माझ्या आवाजामागे आणखी दहा आवाज ऐकू जायचे. "तुमच्याकडे लिलाव चालू आहे का?" असं एका गृहस्थांनी मला विचारलं होतं. मग साथ आली. एका शनिवारी आमची फोन घ्यायची यंत्रं खोक्यात भरून आमच्या हातात दिली आणि सांगितलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. त्या पंधरा दिवसांना आता सहा वर्षं होतील. साथ ओसरली, तोंडावरचे मास्क उतरले, दुकानांच्या दारातले अंतर पाळण्यासाठीचे पावलांचे स्टिकर झिजून गेले. आम्ही घरीच राहिलो, कारण काम घरून चांगलं होत होतं. हॉलमध्ये फोन उचलायला सरासरी एकोणीस सेकंद लागायचे, घरून सात लागतात. हे आकडे माझे नाहीत, कंपनीचेच आहेत.

आता आत्या. माझ्या वडिलांची बहीण. मी सोळा वर्षांची असताना आई गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करणारी, लग्नाच्या फंदात न पडलेली ही बाई एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली ती आलीच. एकतीस वर्षं तिने कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसं एकमेकांना जोडून दिली. आता ती एक्याऐंशीची आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून चाकांच्या खुर्चीत असते. पाय थांबले, तोंड थांबलेलं नाही. आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत खिडकीशी तिची खुर्ची, मधे माझं टेबल, पलीकडे मी.

आमच्या कामात एक वेळ फार वाईट असते. मेकॅनिकशी बोलायचं तर अडकलेल्या माणसाला थांबवून ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याला बासरी ऐकू येते. बासरीने मन शांत होतं असं कंपनीतल्या कोणीतरी ठरवलं आहे. बंद पेटीत एकटं उभं असताना अचानक बासरी सुरू झाली की माणसाला वाटतं, आपला कारभार आटोपला. घरून कामाच्या पहिल्याच आठवड्यात आत्याने हे ऐकलं.

"ओळ अशी मोकळी सोडतात का गं?" ती म्हणाली. "आमच्याकडे असतीस तर घरी बसवलं असतं तुला."

"घरीच बसलेय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आत रडत होती. माझं बोट बासरीच्या बटणावर गेलं आणि आत्याने हात पुढे केला. "दे इकडे." मी स्पीकर लावून यंत्र तिच्याकडे सरकवलं आणि दुसऱ्या फोनवरून मेकॅनिकला गाठलं. आत्या त्या मुलीला म्हणाली, "आधी खाली बस. बसलीस? आता सांग, पिशवीत काय काय आहे?" मुलीने सांगायला सुरुवात केली. किल्ली, छत्री, अर्धं सफरचंद. तिसऱ्या वस्तूपर्यंत तिचा श्वास ताळ्यावर आला.

तेव्हापासून हीच आमची पद्धत. मेकॅनिक माझ्याकडे, माणूस आत्याकडे, आणि मेकॅनिकशी बोलणं झालं की माणूस परत माझ्याकडे. पिशवी प्रत्येकाकडे असते आणि पिशवीत काय आहे ते सांगताना कोणाला गुदमरत नाही, हा आत्याचा शोध. साथीच्या ऐन भरात एक नर्स इस्पितळाच्या लिफ्टमध्ये अडकली होती. तिच्या पिशवीत फक्त बदलायचे मोजे होते. मेकॅनिक दहा मिनिटांत येतोय म्हटल्यावर ती आत्याला म्हणाली, "आजी, घाई करू नका म्हणावं त्याला. दोन दिवसांनी बसायला मिळालंय." आत्या त्या दिवशी जेवली नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर आमच्या विभागाला नवे प्रमुख आले. त्यांनी आल्या आल्या हॉलला रंग दिला आणि मानेला टेकू असलेल्या साठ खुर्च्या मागवल्या, म्हणून आमच्यात त्यांचं नाव खुर्चीवाले पडलं. बावीस माणसांना साठ खुर्च्या कशाला, हे कोणी विचारलं नाही. खुर्च्या आल्यावर त्यांवर बसायला माणसं हवीत हे ओघानेच आलं. खुर्चीवाल्यांनी आमची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला घेतली, आणि महिन्याभरात मला तो मेमो आला.

'कॉल हाताळताना आपण अनधिकृत बाह्य साधनाचा वापर केल्याचे तपासलेल्या ध्वनिमुद्रणांत एकूण ४१२ प्रसंगी आढळले आहे. सदर साधनाचा वापर तत्काळ थांबवावा.'

मी कार्यालयातल्या कारकुनाला फोन केला. विचारलं, कुठलं साधन? तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "ताई, त्या यादीत 'आत्या' असा पर्याय नाही. रेडिओ, टीव्ही, पाळीव प्राणी आणि बाह्य साधन, एवढंच आहे. त्यातल्या त्यात मी बरं निवडलं."

मेमो मी आत्याला वाचून दाखवला. साधन म्हटल्याचं तिला काहीच वाटलं नाही. पण त्याच्या आधीच्या शब्दाशी ती अडली आणि म्हणाली, "एकतीस वर्षांत मला कोणी अनधिकृत म्हटलं नव्हतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हा. मला काहीही म्हणा, मी नोकर माणूस आहे. पण हिने चारशे बारा माणसांचा जीव थाऱ्यावर आणला आणि तुम्ही हिला पाळीव प्राण्याच्या खालच्या ओळीत बसवलंत.

दहा दिवसांनी परिपत्रक आलं, सगळ्यांनाच. महामारीच्या काळात तात्पुरती दिलेली घरून काम करण्याची मुभा एक तारखेपासून संपुष्टात येत आहे. एक तारखेला सकाळी आठ वाजता घरच्या ओळी बंद होतील. 'तत्पूर्वी सर्व कर्मचाऱ्यांनी घरून काम करताना वापरात असलेली सर्व साधने कार्यालयाच्या भांडारात जमा करावीत. एखादे साधन स्वीकारण्यास नकार दिल्यास भांडारपालाने कारण लेखी द्यावे. पावती अपूर्ण असल्यास हजेरी लागणार नाही.'

हे वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण गेल्या वर्षी काय झालं ते मी विसरले नव्हते. एका प्रशिक्षणासाठी मला अर्धा दिवस कार्यालयात बोलावलं होतं. मी परत आले तर आत्या पलंग आणि खुर्चीच्या मधे जमिनीवर पडलेली. तीन तास. "फरशी गार आहे, बाकी ठीक," एवढंच ती बोलली. त्यानंतर दिवसभरासाठी बाई शोधून झाली. दोन आल्या. पहिली आत्याच्या तोंडामुळे गेली, दुसरी स्वतःच्या आईला सांभाळायला गेली. मग मी गुपचूप एक वृद्धाश्रम बघून आले. चार चार पलंगांच्या खोल्या होत्या, भिंतीवर टीव्ही चालू होता आणि त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. फोनवर बोलायची वेळ संध्याकाळी चार ते पाच. जिने आयुष्यभर लोकांना फोन जोडून दिले तिला चार ते पाच. मी तिथून निघाले ती पुन्हा त्या रस्त्याला गेले नाही. म्हणजे आता हिशेब सरळ होता. एक तारखेला एक तर माझी नोकरी जाणार होती, नाही तर आत्या.

परिपत्रक मी मुद्दामच तिला वाचून दाखवलं नव्हतं. तिने माझ्या टेबलावरून उचलून स्वतःच वाचलं, भिंग लावून, दोनदा.

"यात लिहिलंय, सगळी साधनं जमा करा."

"यंत्र, हेडफोन, वायरी," मी म्हटलं.

"आणि मी?" भिंग खाली ठेवत ती म्हणाली. "मेमो आहे ना तुझ्याकडे? चारशे बारा वेळा वापरलेलं साधन घरी ठेवलंस तर पावती अपुरी राहील. नियमात बसत नाही ते."

ती चेष्टा करत होती आणि करत नव्हतीही.

"चल," ती म्हणाली. "ठेवणीतले कपडे काढ माझे."

महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी मी रजा टाकली. मांडीवर यंत्राचं खोकं घेऊन बसलेल्या आत्याला टॅक्सीने कंपनीत नेलं. भांडार तळमजल्यावर आहे, लोखंडी मांडण्या आणि एक खिडकी. खिडकीसमोर आमच्यातले आठ जण आपापली खोकी घेऊन रांगेत उभे होते. त्यांत मास्तर होते. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे, घसा बसला म्हणून बोलायची नोकरी सोडून आमच्या बोलायच्याच नोकरीत आले. साथीत ते बायकोच्या गावी राहायला गेले, तिची रोपवाटिका आहे तिथे. पाच तासांचा प्रवास करून खोकं जमा करायला आले होते, आणि एक तारखेपासून इथे एकट्याने खोली घेऊन राहणार होते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

त्यांनी आत्याला ओळखलं नाही, पण तिने "जरा सरकता का?" म्हटल्याबरोबर ओळखलं. आवाज ऐकला होता त्यांनी फोनवर. त्यांनी आम्हाला पुढे जाऊ दिलं.

भांडारपाल काका जुने, नियमाने चालणारे. त्यांनी चष्मा सारखा केला आणि छापील फॉर्म घेतला. यंत्र एक, चालू. हेडफोन एक, चालू. वायरी तीन.

"आणखी काही, ताई?"

"बाह्य साधन, एक," मी म्हटलं आणि मेमो खिडकीतून आत सरकवला.

काकांनी मेमो वाचला. मग माझ्याकडे बघितलं, मग आत्याकडे.

"स्थितीच्या रकान्यात काय लिहू?" त्यांनी विचारलं. माणूस असा, की त्याला खरंच रकान्याची काळजी होती.

"चालू लिहा," आत्या म्हणाली. "पायांपुरतं दुरुस्तीयोग्य."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. काका हसले नाहीत. त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "ताई, मला हे घेता येणार नाही. घेऊन ठेवू कुठे?"

"मग नकाराचं कारण लेखी द्या. परिपत्रकात आहे."

"काय कारण देऊ?"

"ते मी कसं सांगू, काका? पण ही साधन नाही असं लिहिलंत तर मेमो खोटा ठरतो. आणि साधन आहे असं लिहिलंत तर जमा करून घ्यावं लागेल."

काकांनी फॉर्मकडे एकदा पाहिलं आणि सरळ वर फोन लावला.

आम्हाला तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. लिफ्टमधून जाताना आत्याने घंटेच्या बटणावरून एकदा बोट फिरवलं, दाबलं नाही. हॉल आता पांढरा होता. साठ खुर्च्या ओळीने मांडलेल्या, त्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. खुर्चीवाले पन्नाशीच्या आतबाहेरचे, इस्त्रीचे कपडे, आवाज मऊ. मी त्यांना कधी समोरासमोर बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं तेवढे ते उग्र नव्हते, आणि त्यामुळे मला जरा अडचणच झाली.

"मॅडम, ही थट्टा आहे का?"

"थट्टा मेमोत आहे, सर. मी फक्त तिची अंमलबजावणी करतेय."

त्यांनी आत्याला खुर्ची द्यायला हात केला, मग ती खुर्चीतच आहे हे लक्षात येऊन हात मागे घेतला. "शब्द चुकला असेल. मी दिलगिरी व्यक्त करतो. पण मुद्दा तो नाही. लोक एकत्र बसले की एकमेकांकडून शिकतात, काम सुधारतं."

"हॉलमध्ये एकोणीस सेकंद, घरून सात," मी म्हटलं.

"आकडे सगळंच सांगत नाहीत."

"खुर्च्या सांगतात का?"

हे जरा जास्तच झालं. ते आत्याकडे वळले आणि तिला म्हणाले, "साथीत मी एकटा होतो. सात महिने. दारात पुडा ठेवून जाणाऱ्याची फक्त पाठ दिसायची. घरातून काम म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, आजी. मला ते कोणावर यायला नकोय."

ते खरं बोलत होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. स्वतःच्या सात महिन्यांवर औषध म्हणून हा माणूस बावीस घरं मोडायला निघाला होता.

"मग तुम्ही फोन घ्यायला बसा की," आत्या म्हणाली. "माणसं हवीत ना? दिवसाला तीस माणसं मिळतील बोलायला. तीही तुमच्याइतकीच अडकलेली."

खुर्चीवाले किंचित हसले. मग टेबलाच्या खणातून त्यांनी एक कागद काढला. तो आधीच टाइप केलेला होता. म्हणजे काकांचा फोन यायच्या आधीच त्यांनी माझ्यावर तोड काढून ठेवली होती.

"तुमची अडचण मला समजते. विशेष बाब म्हणून, वैद्यकीय कारणास्तव, फक्त तुम्हाला तीन महिन्यांची सवलत. नंतर दर तीन महिन्यांनी आजींच्या प्रकृतीचा दाखला जोडून मुदतवाढ मागायची. कॉलमध्ये त्यांचा आवाज येणार नाही असं लिहून द्यायचं. आणि बाकीच्यांना हे सांगायचं नाही. नाही तर प्रत्येक जण कारण घेऊन येईल."

कागद माझ्यासमोर होता, त्यावर पेन होतं. खोटं कशाला बोलू, माझा हात पेनाकडे गेला. मला जे हवं होतं ते सगळं त्या कागदावर होतं. आत्या घरी, मी घरी, नोकरी शाबूत. मी आत्याकडे बघितलं. ती हेतुपुरस्सर दुसरीकडे बघत होती, तिच्यामुळे मी काही ठरवू नये म्हणून.

मग मी कागद नीट वाचला. दर तीन महिन्यांनी दाखला. म्हणजे आत्या अजून पुरेशी आजारी आहे हे मी वर्षातून चार वेळा सिद्ध करायचं. सहा वर्षं जे मी सगळ्यात चांगलं केलं, ते या कागदावर माझ्या घरच्या दुखण्यापायी केलेली मेहेरबानी झालं होतं. आणि खाली रांगेत मास्तर उभे होते. त्यांच्या घरी आजारी कोणी नव्हतं. त्यांना फक्त आपल्या बायकोसोबत राहायचं होतं, आणि त्याला कुठला डॉक्टर दाखला देत नाही.

"सही करणार नाही," मी म्हटलं. कागद परत त्यांच्याकडे सरकवला. "सवलत नकोय मला. हे काम घरून होतं, सहा वर्षं झालंय, तेवढं लिहा. सगळ्यांसाठी लिहा. त्यावर सही करते."

"ते माझ्या हातात नाही."

"मग हेही माझ्या हातात नाही."

"मॅडम, एक तारखेला ओळ बंद होईल. तुम्ही हॉलमध्ये नसाल तर तुम्ही गैरहजर."

"मी हजर असेन," मी म्हटलं. "कुठे ते तुम्हाला माहीत आहे."

खाली आल्यावर मी सगळं सांगितलं, सवलतीच्या कागदासकट. लपवायचं असं मी कबूल केलेलंच नव्हतं. आमचा फॉर्म पुरा झाल्याशिवाय काकांनी पुढचा घेतला नव्हता, त्यामुळे रांगेतले आठही जण तिथेच होते. मग मास्तरांनी खिडकीवर ठेवलेलं आपलं खोकं परत उचलून काखेत घेतलं आणि काकांना म्हणाले, "माझीही पावती फाडू नका. माझी साधनं अपुरी आहेत." काकांनी विचारलं, तुमचं काय राहिलं? मास्तर म्हणाले, "बायको." एकामागून एक, नऊच्या नऊ खोकी परत गेली.

टॅक्सीत बसल्यावर मी हिशेब केला. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेतला होता. आत्याला म्हटलं, मी मूर्खपणा केला का?

"केलास," ती म्हणाली. "पण सही केली असतीस तर मी तुझ्याशी बोलले नसते. निदान दोन दिवस."

त्या शनिवार-रविवारी आम्हा बावीस जणांचे फोन सतत चालू होते. सगळे एकाच कॉलवर असताना जुळ्यांची आई असलेली आमच्यातली एक म्हणाली, एक तारखेपासून कोणीच फोन उचलायचा नाही, मग येतील वठणीवर. बऱ्याच जणांना ते पटलं. मलाही पटलं असतं. पण आत्याने माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"बटण दाबणाऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?" तिने सगळ्यांना विचारलं. "तो आत घामाघूम होऊन वाट बघणार आणि तुम्ही घरी बसून साहेबांची जिरवणार? काम बंद करायचं नाही. काम करायचं. बंद त्यांना करू दे. बंद करणाऱ्याचं नाव मग कागदावर येईल."

ठरलं ते असं. पाच जणांनी सांगितलं, आम्ही हॉलमध्ये जातो, आम्हाला जमणार नाही. त्यांना मी नावं ठेवत नाही, प्रत्येकाच्या पाठीला वेगळं ओझं असतं. उरलेल्या सतरा जणांची यंत्रं अजून घरीच होती. त्यांनी कंपनीला एकच ओळ लिहून पाठवली. 'एक तारखेला सकाळी आठपासून आम्ही आमच्या कामाच्या जागेवर हजर आहोत.' खाली सतरा सह्या आणि प्रत्येकाच्या घरचा पत्ता.

एक तारखेला मी पावणेआठलाच टेबलाशी बसले. आत्या न्हाऊन तयार होती. यंत्रावरचा हिरवा दिवा म्हणजे ओळ चालू. आठला ती बंद होणार होती. मी दिव्याकडे बघत होते. आठ वाजले. आठ वाजून एक मिनिट झालं. दिवा हिरवा होता. मास्तरांचा निरोप आला, 'माझा चालू आहे, तुमचा?' मी लिहिलं, चालू. तो का बंद झाला नाही हे मला आजही कळलेलं नाही. कदाचित हॉलमध्ये त्या पाळीला तीनच माणसं होती आणि सकाळी आठला लिफ्टमध्ये अख्खं शहर असतं, हे शेवटच्या क्षणी कोणाच्या तरी ध्यानात आलं असेल. कदाचित बंद करणारा उशिरा येणार होता.

आठ वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. पत्ता आला, लिफ्टचा नंबर आला, आणि त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं कानाचं चित्र उमटलं. याचा अर्थ हा कॉल कार्यालयातून कोणीतरी चालू असतानाच ऐकतंय. ती सोय आमच्या विभागात एकाच माणसाकडे आहे.

"कोणी आहे का?" पुरुषाचा आवाज होता, घोगरा, घाबरलेला. एकटाच होता. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे.

"आहे," मी म्हटलं. "मी आहे. घाबरू नका, तुम्हाला बाहेर काढल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही."

"तुम्ही कुठे आहात? याच इमारतीत आहात का?"

या प्रश्नाला आमच्याकडे छापील उत्तर आहे. 'मी केंद्रीय नियंत्रण कक्षातून बोलत आहे.' सहा वर्षं आम्ही सगळे आपापल्या घरांतून, गादीशेजारून, ओट्याशेजारून हे वाक्य न चुकता म्हणत आलो. मी कानाच्या चित्राकडे बघितलं.

"नाही, मी माझ्या घरी आहे," मी म्हटलं. "खोलीत टेबलाशी बसलेय. तुम्ही बाहेर येईपर्यंत इथून हलणार नाही."

"बरं," तो म्हणाला. "घरी आहात होय."

आता मेकॅनिकला गाठायचं होतं. बासरीचं बटण उजवीकडे, स्पीकरचं डावीकडे. मी स्पीकर दाबला आणि यंत्र टेबलावरून पलीकडे सरकवलं. आत्याने भुवया उंचावून विचारलं, ऐकतायत का? मी मानेनेच हो म्हटलं. तिने खुर्चीची चाकं पुढे घेतली आणि मान ताठ केली.

"हे बघा," ती त्याला म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सुटा करत, "इथे आम्ही दोघी आहोत, आणि दोघीही कामावर आहोत."

कानाचं चित्र तिथेच होतं. मी मेकॅनिकचा नंबर फिरवला.